वैभववाडी रोड : स्टेशन आलं, सातबारा तसाच राहिला



कोकण रेल्वेने जाताना स्टेशनांच्या पाट्या तुम्ही वाचल्या असतील. संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, नांदगाव रोड, सावंतवाडी रोड. गावाच्या नावापुढे हे 'रोड' कशाला, असा प्रश्न कुणा ना कुणा पोराने आईला विचारलेला असतोच. ही रेल्वेची जुनी रीत आहे. स्टेशन थेट गावात नसलं, पण तिथून त्या गावाला रस्ता जात असला, की नावाला 'रोड' जोडतात. राजापूरच्या बायांना तर हे चांगलंच ठाऊक आहे. स्टेशनवर उतरलं तरी गाव अजून लांबच असतं.

आज आपण वैभववाडीच्या रेल्वेची गोष्ट ऐकणार आहोत. रेल्वे यायच्या आधी आपली माणसं कशी जात-येत होती, रेल्वे कशी आली, आणि आल्यावर काय बदललं. ही गोष्ट एरवी पुढारी, इंजिनिअर आणि पूल-बोगद्यांची म्हणून सांगतात. त्यांचं श्रेय त्यांना देऊच. पण आपण सोबत आणखी एक प्रश्न विचारत जाऊ : या सगळ्यात बाईचं नाव कुठे आहे?

घाट आणि खाडी यांच्या मधे

वैभववाडी सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. पूर्वेला दोन घाट आहेत, करूळचा आणि भुईबावड्याचा. दोन्ही वर गगनबावड्याला जातात आणि तिथून कोल्हापूरला. पश्चिमेला तळेरे, म्हणजे मुंबई-गोवा हमरस्ता, आणि त्याच्या वरच्या अंगाला खारेपाटण.

खारेपाटण आज लहानसं गाव वाटतं, पण एके काळी ते मोठं बंदर होतं. विजयदुर्गाच्या खाडीतून गलबतं आत खारेपाटणपर्यंत येत. शिलाहार घराण्यातल्या रट्टराज राजाचा ताम्रपट इथे सापडला. तो शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. हजार वर्षांपूर्वी इथे राजे होते, व्यापारी होते. बंदरातला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा आणि घाटावरचा माल तसाच खाली उतरायचा. मीठ आणि सुकी मासळी वर, गूळ आणि धान्य खाली, असा हा व्यवहार. वर गगनबावड्याला पंत अमात्यांची जहागीर होती आणि ती कोल्हापूर संस्थानात मोडायची. खाली इंग्रजांचा रत्नागिरी जिल्हा होता. म्हणजे आपला मुलूख दोन्हींच्या सीमेवरचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. वाटसरूला पाणी देणं, बैलांना चारा देणं, हे इथे पिढ्यानपिढ्या चालत आलं.

१ मे १९८१ ला रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि सिंधुदुर्ग जिल्हा झाला. आज त्याच्या आठ तालुक्यांतला वैभववाडी हा एक. डोंगराला टेकलेला, समुद्र नसलेला. मालवण-वेंगुर्ल्याला पर्यटक समुद्र बघायला येतात. आपल्याकडे भात, नाचणी, काजू, फणस आणि थोडा ऊस. तो ऊसही बहुतेक घाट चढूनच कारखान्याला जातो. नाधवड्याचा उमाळा आणि नापण्याचा बारमाही धबधबा अलीकडे बाहेरच्या लोकांना कळू लागलाय.

मनीऑर्डरीचा काळ

आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी मुंबईला जायचं म्हणजे आगबोट. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला या बंदरांतून बोटी सुटायच्या आणि मुंबईला धक्क्याला लागायच्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. मग वाट उलटी. घाट चढून कोल्हापूर गाठायचं आणि तिथून रेल्वे धरायची. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. आपल्याकडे आली त्यानंतर शंभरएक वर्षांनी. तोवर आपल्या माणसाला रेल्वेत बसायचं तर आधी घाट चढावा लागे. ही वाट लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला परत तिथेच यायचं आहे.

पुढे एसटी आली. राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली आणि मग हळूहळू ती वाडीवस्तीपर्यंत पोचली. मुंबई-गोवा रस्ता सुधारला तसतशा बोटी मागे पडल्या. रात्रभर एसटीत बसून, पाय सुजवून घेत चाकरमानी गावाला येऊ लागला.

हा चाकरमानी कोण? मुंबईच्या गिरणीत, गोदीत, हॉटेलात राबणारा आपला बाप, भाऊ, नवरा. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाच्या खोल्या असायच्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीने झोपायची. त्यांना जेवण घालणाऱ्या खानावळी बायकाच चालवायच्या. त्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली एकत्र केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. मुंबईतल्या बाईच्या कष्टाची तेवढी तरी नोंद झाली.

आणि गावातल्या बाईची? ती मागे राहायची. तरवा काढायचा, लावणी करायची, वरकस जमिनीत नाचणी लावायची, गुरं बघायची, सासू-सासऱ्यांचं दुखणं काढायचं, पोरांना शाळेत घालायचं, पावसाच्या आधी घर शाकारून घ्यायचं. महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा. तिच्यावर अंगठा उठवायचा आणि दुकानाची उधारी भागवायची. शेत तिने केलं, पण सातबारावर नाव सासऱ्याचं. नाहीतर मुंबईतल्या नवऱ्याचं आणि त्याच्या चार भावांचं. शेताला वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा येणारा माणूस कागदावर मालक, आणि रोज चिखलात उभी असणारी बाई कुणीच नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. रीतच तशी होती.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. मनीऑर्डरी थांबल्या. कित्येक जण गावी परतले. त्या दिवसांत घरं तगली ती बाईच्या शेतीवर, तिच्या कोंबड्यांवर, काजू-कोकमावर. हे आपण आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून बघावं. ते सांगतील.

रेल्वे मिळवायला किती वर्षं लागली

कोकणात रेल्वे हवी, ही मागणी फार जुनी. अ. ब. वालावलकरांनी या मार्गाचा ध्यास घेतला आणि तो होऊ शकतो हे सांगण्यात आयुष्य घातलं. राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅ. नाथ पै यांनी लोकसभेत कोकणची बाजू मांडली. १९७१ च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षी मधु दंडवते तिथून निवडून आले आणि पुढे वीस वर्षं तेच खासदार होते.

१९७७ साली दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांची एक गोष्ट आपल्याला कायम आठवावी अशी आहे. तोवर दुसऱ्या वर्गाच्या डब्यात झोपायला नुसत्या लाकडी फळ्या होत्या. गरिबालाही पाठ असते, त्याच्या फळीवरही गादी हवी, हा विचार त्यांनी अमलात आणला. आज लेकराला कुशीत घेऊन आपण ज्या बर्थवर आडव्या होतो, त्या गादीमागे हा माणूस आहे.

मुंबईकडून रूळ हळूहळू खाली सरकत होते. १९६६ ला आपटा, १९८६ ला रोहा. तिथे काम अडलं. डोंगर, नद्या, दऱ्या, आणि सगळ्यात मोठी अडचण पैशाची. मग १९८९ च्या शेवटी दिल्लीत सरकार बदललं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि दंडवते अर्थमंत्री. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. त्यात केंद्राचा ५१ टक्के वाटा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा सहा-सहा. बाकी पैसा कर्जरोखे काढून उभा केला. ई. श्रीधरन प्रमुख झाले. १५ सप्टेंबर १९९० ला रोह्याला भूमिपूजन झालं.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत हा मार्ग सुमारे ७४० किलोमीटरचा. लहान-मोठे पूल दोन हजारांच्या घरात, बोगदे नव्वदच्या वर. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब, आणि पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग वाहतुकीला खुला झाला. इतक्या अवघड मुलखात साडेसात वर्षांत हे काम झालं, ही खरोखरच अभिमानाची गोष्ट आहे.

जमीन कोणाची गेली, पैसे कोणाला मिळाले

आता या गोष्टीतलं जे पान सहसा उलटलं जात नाही, ते उलटूया.

रूळ हवेत बसत नाहीत. कोकण रेल्वेसाठी चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांची जमीन घ्यावी लागली. तेव्हा भूसंपादनाचा कायदा होता इंग्रजांचा, १८९४ सालचा. त्याची रीत साधी. सातबारावर ज्याचं नाव, त्याला नोटीस. ज्याला नोटीस, त्याला मोबदला. आपल्याकडे जमिनीचे तुकडे लहान आणि एका तुकड्याला वाटेकरी दहा-वीस. कुणी मुंबईला, कुणी बडोद्याला, कुणी वारलेला पण नाव अजून कागदावर. पैसे हातात पडेपर्यंत वारसनोंदी, वाटण्या, भांडणं.

यात बाई कुठे होती? विधवा असली आणि वारस म्हणून तिची नोंद झाली असली, तर तिचं नाव असायचं. तेही अनेकदा 'इतर हक्का'च्या रकान्यात ढकललेलं. सासरी गेलेली लेक असली, तर तिच्याकडे कागद यायचा तो हक्कसोडपत्राचा. भावाशी संबंध राहावेत, माहेरचं दार उघडं राहावं, म्हणून ती सही करायची. ज्या मळ्यात तिने लहानपणी तरवा उपटला त्या मळ्यातून रूळ गेले, आणि तिला माहेरची साडी मिळाली.

कायद्यातही तेव्हा मुलीची बाजू लंगडीच होती. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ साली केला. पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्याने बाहेर ठेवलं. आपल्या भागात रेल्वेची जमीन गेली ती नेमकी त्याच सुमाराला. पुढे २००५ साली देशाचा कायदा बदलला आणि लग्न झालेली-न झालेली हा भेद गेला. २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. म्हणजे रेल्वे आधी आली आणि हक्क मागून आला.

स्टेशनभोवतीचं गाव

रेल्वे आली आणि दिवसाला नवं घड्याळ मिळालं. मुंबईहून रात्री सुटलेली कोकणकन्या सकाळी येते. सकाळी निघालेली मांडवी दुपारनंतर येते. दादरहून येणाऱ्या गाडीला २०१७ साली 'तुतारी' हे नाव मिळालं, मालगुंडला जन्मलेल्या केशवसुतांच्या कवितेवरून. आणि लहान स्टेशनांना धरून चालणारी दिवा-सावंतवाडी गाडी आहेच. गाडीच्या वेळेला रिक्षा लागतात, चहाच्या टपरीवर कप वाजतात, आणि मग तास-दोन तास सगळं सामसूम. तळेऱ्याकडून येणाऱ्या रस्त्यावर कोकिसऱ्याचं फाटक पडलं की एसटी, उसाचा ट्रक आणि नवरदेवाची गाडी एकाच रांगेत थांबतात.

बाईच्या आयुष्यात फरक पडला, हे खरंच आहे. एकटी बाई पोरांना घेऊन मुंबईला जाऊ लागली. गाडीत संडास आहे, ही लहान गोष्ट नव्हे. एसटीच्या रात्रभराच्या प्रवासात पाणी न पिता बसलेल्या बायांना ते कळेल. लेक बाळंतपणाला माहेरी येऊ शकते. मुलगी कॉलेजला कणकवलीला जाऊ शकते. मुंबईला जाणाऱ्या पिशवीतून तांदूळ, कुळीथ, आमसुलं, फणसाचे गरे जातात, आणि येताना औषधं, शाळेची दप्तरं, गणपतीचं मखर येतं. मे महिना, गणपती आणि शिमगा या तीन वेळांना स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. आता आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या मिनिटांत भरतात. मग घराघरात एकच विषय : तिकीट मिळालं का?

जवळच्या प्रवासाला मात्र बाई एसटीच धरते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. रेल्वेला तशी सवलत नाही. उलट कोकण रेल्वेवर भाडं आकारताना प्रत्यक्ष अंतरापेक्षा चाळीस टक्के जास्त अंतर धरलं जात आलं आहे, मार्ग बांधायला झालेला खर्च वसूल व्हावा म्हणून. ज्यांची जमीन गेली, त्याच कोकणी माणसाला तिकीटही महाग, ही आपल्याकडची जुनी तक्रार आहे.

२२ जून २००३

वैभववाडीचं नाव देशभर गेलं ते एका दुःखाच्या दिवशी. २२ जून २००३ ला रात्री कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची खास गाडी वैभववाडीजवळ दरडीवर आदळली. पावसाने डोंगराची माती आणि दगड रुळावर आले होते. डबे घसरले आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. मे महिन्याची सुट्टी संपवून, शाळा सुरू व्हायच्या गडबडीत परतणारी कुटुंबं होती ती. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. तीही दरडीमुळेच.

डोंगर कापून रूळ टाकले तेव्हा आपण डोंगराचा आधार काढून घेतला, हे या दोन अपघातांनी दाखवलं. त्यानंतर कापलेल्या उतारांचा कोन कमी केला, दगड अडवायला जाळ्या बसवल्या, उतारावर खोल मुळांचं गवत लावलं, माती सरकते का हे मोजणारी यंत्रं बसवली. पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त घालायला माणसं नेमली. कंदील-बॅटरी घेऊन पावसात रुळावरून चालणारा हा माणूस बहुधा आपल्यातल्याच कुणाचा तरी घरधनी असतो. गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि पावसाळी वेळापत्रक लागतं. अनेक वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर होतं. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. पावसाळ्यात गाडी उशिरा का, म्हणून आपण चिडतो. तेव्हा त्या रात्रीची आठवण ठेवावी. गाडी हळू येते म्हणजे सुखरूप येते.

गाडी आली आणि माणसं गेली

रेल्वे आली की कारखाने येतील, मुलांना गावात काम मिळेल, गाव भरेल, असं सगळ्यांना वाटत होतं. जनगणना काय सांगते बघा. २००१ साली सिंधुदुर्गची लोकसंख्या आठ लाख अडुसष्ट हजारांच्या पुढे होती. २०११ साली ती आठ लाख पन्नास हजारांच्या आत आली. रेल्वे सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या पुऱ्या दशकात जिल्ह्यात माणसं वाढली नाहीत, घटली.

आणखी एक आकडा. २००१ साली जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०७९ बायका होत्या. २०११ साली १०३६. बायका जास्त असणं म्हणजे पुरुष बाहेर गेलेले असणं, हे आपण जाणतोच. तो आकडा खाली का आला? एक कारण असं दिसतं, की आधी नुसता पुरुष जायचा, आता बायको-मुलंही जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि बंद घरं. याला एकटी रेल्वे कारण नाही. जमीन अपुरी, काम नाही, मुलांची शिक्षणं, सगळंच आहे. पण गाडीला दोन्ही दिशांना रूळ असतात. ती माणसं आणते तशी नेतेही. गावात थांबण्यासारखं काही असेल तरच माणूस उतरून थांबतो.

ज्यांच्याकडे रस्त्याकडेची जागा होती, भांडवल होतं, नावावर कागद होता, त्यांनी दुकानं काढली, गाड्या घेतल्या, लॉज बांधले. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, त्यांना त्या दुकानात झाडू मारायचं काम मिळालं. रेल्वेने अन्याय केला, असं मी म्हणत नाही. आधीपासून जो उतार होता, पाणी त्याच उताराने वाहिलं.

पुढची गाडी

आता पुन्हा घाटाकडे येऊ. वैभववाडी ते कोल्हापूर अशी सुमारे १०८ किलोमीटरची नवी रेल्वे २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आली. सह्याद्री फोडून, बोगद्यांतून ती वर जाईल. जी वाट बैलांची होती, मग पावसाळी प्रवाशांची झाली, आज दुखणाईत माणसाला कोल्हापूरच्या दवाखान्यात नेणाऱ्या गाड्यांची आहे, तीच ही वाट. २०२४ साली करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद होता तेव्हा या वाटेची किंमत आपल्याला चांगलीच कळली. ही रेल्वे अजून कागदावर आहे. कधी होईल ते होवो. पण झाली तर वैभववाडी साधं स्टेशन राहणार नाही, जंक्शन होईल. आणि जंक्शनला जमीन जास्त लागते.

आपल्या तालुक्याने अरुणा धरणापायी आखवणे-भोमची घरं उठताना पाहिली आहेत. म्हणून मैत्रिणींनो, मोजणीवाला दारात येईपर्यंत थांबू नका. काही कामं आजच करता येतात.

पहिलं, आपल्या घरचा सातबारा आणि आठ-अ काढून वाचा. माहेरचाही वाचा. नवरा, सासरा, वडील वारले असतील तर वारसनोंद झाली आहे का ते बघा. नवरा गेल्यावर बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई हे सगळे हिंदू वारसा कायद्याने बरोबरीचे वारस असतात. इतर धर्मांच्या बहिणींचे कायदे वेगळे आहेत, त्यांनी आपापल्या कायद्याची माहिती घ्यावी. आपलं नाव मालकाच्या रकान्यात आहे की 'इतर हक्का'त, हेही पाहा. चूक असेल तर तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरं, हक्कसोडपत्रावर न वाचता सही करू नका. भावाला जमीन द्यायची असेल तर जरूर द्या, ती तुमची इच्छा. पण काय देतोय हे कळून द्या.

तिसरं, २०१३ सालचा नवा भूसंपादन कायदा ध्यानात ठेवा. त्याने बाधित कुटुंब म्हणजे नुसता मालक असं मानलेलं नाही. त्या जमिनीवर जगणारे शेतमजूर, कुळं, कारागीर यांचाही विचार त्यात आहे. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बाईला त्यात स्वतंत्र कुटुंब मानलं आहे. हे शब्द आधीच्या कायद्यात नव्हते. ते मिळवायला देशभरातल्या धरणग्रस्तांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. ते वापरले नाहीत, तर ते पुस्तकातच राहतील.

चौथं, ज्यांची जमीन आधीच्या रेल्वेत गेली त्यांच्या कुटुंबांना कोकण रेल्वेच्या नोकरभरतीत प्राधान्य दिलं जातं. अशी जाहिरात निघाली की आपण मुलाचा विचार करतो. त्या जाहिरातीत मुलीबद्दल, सुनेबद्दल, नातीबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि मुलीचाही अर्ज भरा.

पाचवं, बचत गटांसाठी. २०२२ पासून रेल्वेची 'एक स्थानक, एक उत्पादन' अशी योजना आहे. त्यात स्थानिक माल विकायला स्टेशनवर लहानशी जागा मिळते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपल्याकडे कोकम आहे, काजू आहे, नाचणीचे पापड आहेत. आपल्या स्टेशनसाठी काय करता येईल हे 'उमेद'च्या ताईंना विचारा, स्टेशन मास्तरांना लेखी विचारा. आणि परवाना गटाच्या नावावर घ्या, गटातल्या कुणाच्या नवऱ्याच्या नावावर नको.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. रेल्वेच्या आधीच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. तेव्हाच्या बाईला कुणी विचारलं नाही आणि तिला विचारायची सोयही नव्हती. आपल्याला ती सोय आहे.

गटात बोलायला काही प्रश्न

आपल्या वाडीतल्या कोणाकोणाची जमीन रेल्वेत गेली? मोबदला कोणाच्या नावे आला, आणि त्यातून काय झालं?

घरातल्या वयस्कर बायकांना विचारा : त्या पहिल्यांदा मुंबईला कशा गेल्या? बोटीने, एसटीने की रेल्वेने? सोबत कोण होतं?

आपल्या गटातल्या किती जणींची नावं सातबारावर आहेत? पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपापला उतारा घेऊन यावं.

पाऊस पडला की आपल्या भागात माती कुठे सरकते, भेगा कुठे पडतात, नवा झरा कुठे फुटतो? हे आपल्याला इंजिनिअरच्या आधी कळतं. त्याची नोंद करून पंचायतीत द्या.

वैभववाडीच्या पाटीवर 'रोड' लिहिलंय. पुढचा रस्ता घाटाकडे निघेल तेव्हा त्याच्या कागदावर आपलंही नाव असू दे. आज इथेच थांबते. पुढच्या बैठकीला उतारे विसरू नका.